कला महाविद्यालयातला शिल्पकलेचा वर्ग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी जून उजाडला की शिल्पकला शाखा घेणारी मुलं आणि त्यांचे पालक साधारण तेच प्रश्न पाठवतात. ते सगळे इथे एकत्र केले आहेत. मी मुंबईत शिल्पकला शिकलो आणि आता त्यातच काम करतो. कोल्हापूर, नागपूर, बडोदा इथे शिकलेल्या मित्रमैत्रिणींचे अनुभवही उत्तरांत आले आहेत. घाईत असाल तर ८, ११ आणि १२ हे तीन प्रश्न आधी वाचा, कारण पहिल्या दोन वर्षांत जे बिघडतं त्यातलं बरंचसं तिथे आहे.

१. शिल्पकलेच्या वर्गात नक्की काय शिकवतात? नुसते पुतळेच करायचे का?

नाही. बहुतेक ठिकाणी बीएफए (बॅचलर ऑफ फाइन आर्ट्स, म्हणजे कलेची पदवी) चार वर्षांचं असतं आणि पहिलं वर्ष सगळ्या शाखांना सारखं, पायाभूत असतं. त्यानंतर शिल्पकला घेतली की मातकाम सुरू होतं: डोकं, अर्धपुतळा, उठावशिल्प, पूर्णाकृती. त्याच्या जोडीला साचे काढणं आणि कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतून कामाची प्रत काढणं. पुढे लाकूड, दगड, वेल्डिंग, धातूचं ओतकाम आणि स्वतःच्या रचना. शिवाय रेखाटन, शरीररचना आणि कलेचा इतिहास आहेच.

पण माझ्या मते या वर्गात शिकायच्या गोष्टी दोनच. एक म्हणजे कुठलीही वस्तू तिच्याभोवती फिरून बघणं. दुसरी म्हणजे मातीला, प्लास्टरला, रेझिनला (घट्ट होणाऱ्या रासायनिक द्रवाला) लागणारा वेळ आपल्या वेळेपेक्षा मोठा मानणं. प्लास्टर घट्ट व्हायला लागलं की ते कुणाच्या बससाठी थांबत नाही. हे अंगात मुरलं की बाकीचं तंत्र येत जातं.

२. माझं ड्रॉइंग बेताचं आहे. तरी शिल्पकला घेऊ का?

घ्या, पण ड्रॉइंग सुटेल या आशेने घेऊ नका. मातीत हात घालण्याआधी मॉडेलची तीन-चार बाजूंनी रेखाटनं करावी लागतात आणि ती दिसायला सुंदर नसली तरी चालतात. त्यात वजन कुठे पडतंय, मान कुठल्या कोनात खांद्यात शिरतेय, एवढं दिसलं पाहिजे. छायेत नाजूक काम करणाऱ्या मुलांपेक्षा ठोकळ्यांत विचार करणारी मुलं मातीत लवकर रुळलेली मी पाहिली आहेत.

३. प्रवेशासाठी काय लागतं?

बारावीनंतर बीएफएसाठी राज्य सीईटी कक्षाची कला शाखेची प्रवेश परीक्षा असते. त्यात वस्तुचित्र, संकल्पचित्र, स्मरणचित्र आणि सामान्यज्ञान येतं. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षा शाळेतच देऊन ठेवल्या तर सराव होतो. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टला २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाल्यापासून तिथली व्यवस्था वेगळी झाली आहे, त्यामुळे चालू वर्षाचं माहितीपत्रक बघूनच अर्ज भरा. आणखी एक: सगळ्या कला महाविद्यालयांत शिल्पकला शाखा नसते. अर्ज करण्याआधी तिथे जाऊन शिल्पकलेचं वर्कशॉप बघून या. मातीचा हौद ओला आहे की कोरडा पडलाय, यावरून बरंच कळतं.

४. वर्गातली अर्धी मुलं मूर्तिकारांच्या घरातली आहेत. मी त्यांच्यापुढे टिकेन का?

टिकाल. पेण, हमरापूर, कोल्हापूरकडून आलेल्या मुलांचा हात तयार असतो यात शंका नाही. माती किती ओली हवी हे त्यांना बोट लावताच कळतं आणि फिनिशिंगला त्यांचा हात कोणी धरू शकत नाही. पहिले काही महिने ती पुढे दिसतील. त्यांच्याकडून शिका, ती मोकळेपणाने शिकवतातही.

मात्र त्यांचीही एक अडचण असते. लहानपणापासून हातात बसलेला चेहरा देवाचा: दोन्ही बाजू सारख्या, गाल भरलेले, डोळ्यांची आखणी रेखीव. समोर बसलेल्या काकांची एक भुवई वर आहे, नाक थोडं डावीकडे झुकलंय, खालचा ओठ एका बाजूला जाड आहे. हात मात्र सवयीने ते सगळं सारखं करत जातो. एका मैत्रिणीला ही सवय मोडायला अख्खं दुसरं वर्ष लागलं. तुमच्या हाताला अशी सवयच नाही, हा तुमचा फायदा.

५. मुलींना हे काम झेपतं का?

झेपतं. ओली माती, प्लास्टरची पोती, दगड हे सगळं जड असतं आणि मुलगेही ते एकट्याने उचलत नाहीत. चाकाचा पाट, कप्पी, पहार आणि दोन सोबती यांच्या जोरावर वर्कशॉप चालतं. पाठ वाकवून ओझं उचलण्याचा हट्ट कुणीच करू नये. मुंबईच्या पिलू पोचखानवाला यांनी गेल्या शतकात धातूची, भंगाराची मोठी शिल्पं उभी केली. मुंबईत जन्मलेल्या आणि बडोद्यात शिकलेल्या मृणालिनी मुखर्जी यांनी तागाच्या दोरांच्या गाठी मारून माणसापेक्षा उंच शिल्पं केली. मीरा मुखर्जी बस्तरच्या कारागिरांकडे ओतकाम शिकल्या. घरच्यांना ही नावं सांगा.

६. पहिल्या दिवशी काय न्यायचं? खर्च किती येतो?

जुने सुती कपडे, बंद बूट, केस बांधायला रुमाल, एक मोठा नॅपकिन. ओढणी, बांगड्या, अंगठ्या नकोत. हत्यारांत दोन-तीन वायर टूल, दोन लाकडी टूल, एक स्पॅच्युला, कॅलिपर (माप घ्यायचा दोन पायांचा चिमटा), ओळंबा आणि पाण्याची फवारणीची बाटली एवढ्यावर पहिलं सत्र निघतं. महागडा संच घेऊ नका. लाकडी टूल बांबू तासून किंवा जुन्या ब्रशच्या दांड्यातून स्वतः करता येतं आणि ते हाताला जास्त बरं बसतं.

माती बहुतेक ठिकाणी महाविद्यालयाची असते. खरा खर्च कास्टिंगला येतो: प्लास्टर, रेझिन, ग्लास मॅट (काचतंतूंचं कापड), रबर. वर्गातल्या चार-पाच जणांनी मिळून साहित्य आणलं तर बराच स्वस्तात पडतं.

७. माती कुठली वापरतात? ती सारखी वाळते, चिरते. काय करू?

महाराष्ट्रात वर्गात प्रामुख्याने शाडू किंवा त्यात दुसरी माती मिसळून वापरतात. आपल्याकडचा बराचसा शाडू गुजरातेतून येतो. साधारण माणसाएवढ्या डोक्याला १५ ते २० किलो माती लागते, तेवढी आधीच मळून ठेवा. काम रंगात आल्यावर माती मळायला बसलं की नजर तुटते.

माती भिजवायची तर ती आधी पूर्ण वाळू द्या आणि फोडून बारीक करा. कोरडी ढेकळं पाण्यात टाकली की आपोआप विरघळतात. अर्धवट ओली माती तशीच पाण्यात टाकली तर तिच्या गुठळ्या आठवडाभर तशाच राहतात. मळताना हवा निघाली पाहिजे: तारेने गोळा कापून बघा, कापलेल्या बाजूवर भोकं दिसली की पुन्हा मळा.

संध्याकाळी निघताना आधी फवारा, मग ओलं पिळलेलं सुती फडकं, मग प्लास्टिक. प्लास्टिक खालपर्यंत येऊ द्या आणि पाटाशी बांधा. नाक, कान, पापण्या यांवर फडकं चिकटून त्यांचा आकार जातो, म्हणून तिथे काड्या टोचून फडकं अंतरावर धरायचं. मे महिन्यात शुक्रवारी झाकलेलं काम सोमवारपर्यंत टिकेल असं धरून चालू नका. रविवारी कोण येणार याची पाळी वर्गाने ठरवून घ्यावी.

८. आर्मेचर म्हणजे काय? माझं डोकं दुसऱ्या दिवशी खाली सरकलेलं का दिसतं?

आर्मेचर म्हणजे मातीच्या आतला सांगाडा. मातीला स्वतःचं वजन पेलत नाही, ते सांगाडा पेलतो. डोक्यासाठी जाड लाकडी पाट, त्यावर घट्ट बसवलेला उभा पाइप, वर तारेचा डोक्याच्या आकाराचा पिंजरा आणि त्यात सुतळीने टांगलेले बटरफ्लाय, म्हणजे फुलीसारखे बांधलेले लाकडाचे छोटे तुकडे. माती या तुकड्यांना धरून राहते.

डोकं सरकण्याची कारणं ठरलेली असतात. पाइप पाटात सैल असतो. तार पाइपवर फिरते, कारण तिला सुतळीचा किंवा दुसऱ्या तारेचा पीळ दिलेला नसतो. बटरफ्लाय टांगायचा कंटाळा केलेला असतो. किंवा माती फार ओली असते. माती लावण्याआधी सांगाडा दोन्ही हातांनी धरून जोरात हलवा. तो थोडा जरी डुगडुगला तर त्या दिवशी माती लावायची नाही. शेजारचा नाकापर्यंत पोचलाय आणि आपण अजून तार पिरगळतोय, हे बघवत नाही हे मला ठाऊक आहे, तरीही लावायची नाही.

सांगाडा मापाने करा. मॉडेलची मान कुठे झुकली आहे ते आधी बघून पाइप आणि पिंजरा त्याच कलात वाकवायचा. सरळ सांगाड्यावर कललेलं डोकं केलं की एका गालातून तार बाहेर येते, आणि ती नेमकी शेवटच्या आठवड्यात दिसते. पिंजरा सगळीकडून पृष्ठभागापासून दोन बोटं तरी आत असावा.

पूर्णाकृतीला मागून कमरेत धरणारा बाहेरचा लोखंडी आधार देतात, कारण सगळं वजन घोट्यांवर येतं. हे काम पहिल्यांदा करताना वर्कशॉपमधल्या मामांना, म्हणजे तिथल्या मदतनीसांना, सोबत घ्या. सरांइतकंच, कधी कधी त्यांच्याहून जास्त, त्यांना यातलं कळतं.

९. सगळी मापं बरोबर आहेत, तरी चेहरा मॉडेलसारखा दिसत नाही. साम्य कसं येतं?

सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न हाच. मुलं समोरून काम करतात. नाक, डोळे, ओठ यांच्यावर आठवडा घालवतात, आणि साम्य तर कवटीत असतं.

पहिल्या डोक्यात दिसणारे दोष जवळजवळ सगळ्यांचे सारखे असतात. डोक्याचा मागचा भाग कमी पडलेला असतो. डोळे फार वर असतात. खरं तर ते डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर येतात. कान फार पुढे असतात. बाजूने पाहिलं तर कान मध्यरेषेच्या मागे असतो. आणि मान खुंटीसारखी सरळ वर आलेली असते, प्रत्यक्षात ती पुढे झुकलेली असते.

कॅलिपरने तीन-चार मापं आधी पक्की करा: दोन गालफडांमधली रुंदी, कानाच्या भोकापासून नाकाच्या टोकापर्यंत, कानापासून हनुवटीपर्यंत, हनुवटीपासून केस सुरू होतात तिथपर्यंत. त्या जागी काडेपेटीच्या काड्या खोचून ठेवा. मग कॅलिपर बाजूला ठेवा आणि बाह्यरेषा बघा. मॉडेलचा आणि आपला स्टँड एकाच कोनात फिरवायचा, एक रेषा जुळवायची, पुन्हा थोडं फिरवायचं. समोरची आणि बाजूची रेषा जुळली तरी पाऊण बाजूची, म्हणजे या दोन्हींच्या मधल्या कोनातली, जुळत नाही, आणि साम्य त्या पाऊण बाजूतच सापडतं. हनुवटीखालून वर बघा, स्टुलावर चढून टाळूवरून खाली बघा. केस म्हणजे बटा नव्हेत, आधी त्यांचं वस्तुमान लावा. पापण्या सगळ्यांत शेवटी.

दहा पावलं मागे जाऊन बघण्याची सवय लावा. आपल्या वर्गखोल्यांत दाटी असते आणि मागे जायला जागा नसते. अशा वेळी दारातून बघा.

१०. विवस्त्र मॉडेलचा अभ्यास असतो असं ऐकलंय. संकोच वाटतो. घरी काय सांगायचं?

वरच्या वर्षांत काही महाविद्यालयांत असतो. पहिल्या दहा मिनिटांत संकोच वाटतो, मग कमरेचं हाड कुठे आहे आणि वजन कुठल्या पायावर आहे हे शोधण्यात तो विरून जातो. बहुतेकांचा अनुभव असाच आहे. वैद्यकीय शाखेचे विद्यार्थी शरीर शिकतात तसं आपणही शिकतो, एवढं घरी सांगितलं तरी पुरतं.

त्याहून महत्त्वाचं आहे ते आपलं वागणं. मॉडेल म्हणून येणारी माणसं रोजंदारीवर येतात. त्यातल्या अनेकांनी घरीही सांगितलेलं नसतं. मोबाइल वर्गाबाहेर. फोटो कुणाच्याही सांगण्यावरून काढायचा नाही. बाहेरच्याला आत घ्यायचं नाही. वीस-पंचवीस मिनिटांनी विश्रांती द्यायची आणि त्याआधी पायांच्या जागा खडूने आखून ठेवायच्या, म्हणजे पोझ पुन्हा नीट लागते. मावशी, काका म्हणून बोला, पंख्याचा वारा लागतोय का विचारा. ज्या वर्गात हे पाळलं जात नाही तिथे मॉडेल पुन्हा येत नाहीत.

११. प्लास्टरच्या वेस्ट मोल्डची फार भीती वाटते. महिन्याभराचं काम एका दिवसात जाणार नाही ना?

मातीचं मूळ काम जाणारच आहे. हा साचा एकदाच वापरायचा असतो आणि तो फोडूनच आतलं कास्टिंग निघतं, म्हणून त्याला वेस्ट मोल्ड म्हणतात. भीती रास्त आहे, पण क्रम पाळला तर काम सुखरूप निघतं.

कानांच्या मागून टाळूवरून जाणाऱ्या रेषेवर पितळी पत्र्याचे छोटे तुकडे खोचून भिंत उभी करा. स्वच्छ घमेल्यात आधी पाणी, मग प्लास्टर मुठीने भुरभुरत टाकायचं. पाण्यावर बेटं दिसू लागली की थांबा, ते भिजू द्या, मग हात तळाशी नेऊन बुडबुडे न करता ढवळा. प्लास्टरवर पाणी ओतलं की गुठळ्या झाल्याच म्हणून समजा. घमेल्याला जुन्या प्लास्टरचे कण चिकटलेले असतील तर नवं प्लास्टर अपेक्षेआधी घट्ट होतं.

पहिल्या थरात नीळ घाला. हा थर पातळ, बोटांनी झटकून मारायचा, म्हणजे नाकपुड्यांत आणि कानाच्या वळणांत हवा अडकत नाही. त्यावर दुसरा जाड पांढरा थर, त्यात काथ्या आणि हवी तर लोखंडी सळई. घट्ट झाल्यावर सांध्यात पाणी सोडत लाकडी पाचरांनी साचा उघडायचा. आतली माती काढून धुवायचं, साबणाच्या पाण्याचे हात द्यायचे, दोन्ही भाग बांधून आत प्लास्टर भरायचं.

मग बोथट छिन्नी आणि हलका हातोडा. पांढरा थर मोकळेपणाने उडवा. निळा दिसला की हात आखडता घ्या, कारण त्याच्याखाली लगेच तुमचं काम आहे. निळी खपली गालावरून निघते आणि खाली महिन्याभरापूर्वी आपल्याच बोटाने दाबलेली खूण प्लास्टरमध्ये जशीच्या तशी दिसते, तो क्षण मला या सगळ्या शिक्षणात सगळ्यांत आवडतो. कान आणि नाक शेवटी काढा. तुटलं तर तुकडा जपून ठेवा, ओल्या प्लास्टरने जोडता येतो.

पावसाळ्यात प्लास्टरचं पोतं दमट हवा शोषतं आणि मग माल नीट घट्टच होत नाही. मोठ्या कामाआधी वाटीभर करून बघा. उरलेलं प्लास्टर बेसिनमध्ये कधीही ओतू नका, ते पाइपात दगड होऊन बसतं.

१२. मित्राच्या हाताचा थेट प्लास्टरमध्ये छाप घेतला तर?

नका घेऊ. प्लास्टर घट्ट होताना तापतं. जाड थर असेल तर ६० अंश सेल्सिअसपर्यंत जातं, आणि हात आत अडकलेला असल्याने काढताही येत नाही. अशा प्रकारात विद्यार्थ्यांना गंभीर भाजल्याच्या, बोटं गमवावी लागल्याच्या घटना झालेल्या आहेत. शरीराचा छाप हवाच असेल तर दंतवैद्य वापरतात ते अल्जिनेट वापरा आणि त्या साच्यात प्लास्टर ओता. चेहऱ्याचा छाप शिक्षक समोर असल्याशिवाय घ्यायचाच नाही.

१३. साचा टाळून मातीचं कामच भट्टीत भाजता येईल का?

आर्मेचरवर केलेलं नाही. आत लोखंड आणि लाकूड आहे, माती आक्रसते आणि सांगाडा आक्रसत नाही, त्यामुळे वाळतानाच चिरतं. भाजायचं असेल तर सुरुवातीपासून तसं ठरवा: टेराकोटाची माती, आतून पोकळ, जाडी सगळीकडे सारखी, कुठेतरी हवेला भोक, आणि सावलीत सावकाश वाळवणं. आत ओल राहिली तर तिची वाफ होऊन काम भट्टीत फुटतं आणि शेजारच्याचंही फोडतं. गडबडीत भट्टी लावू नका.

१४. फायबर कास्टिंगच्या वासाने डोकं दुखतं. हे नॉर्मल आहे का?

सगळ्यांना होतं, म्हणून सोसायचं असं नाही. फायबर म्हणजे ग्लास मॅटवर रेझिन चढवून काढलेली प्रत, आणि तो वास रेझिनमधल्या स्टायरीन या रसायनाचा आहे. उघड्यावर किंवा हवा खेळती असलेल्या जागी काम करा. कापडी रुमालाचा उपयोग नाही, रासायनिक वाफेसाठीचा, फिल्टरची डबी (कार्ट्रिज) लावलेला मास्क हवा. ग्लास मॅट कापताना पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, नाहीतर खाज दोन दिवस जात नाही.

एक नियम पाठच करा: रेझिन घट्ट करायला वापरतात ती कोबाल्ट आणि हार्डनर ही दोन रसायनं एकमेकांत थेट मिसळायची नाहीत. त्याने आग लागते, स्फोटही होतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, मगच हार्डनर. दोन्ही बाटल्या वेगवेगळ्या कपाटांत ठेवा.

१५. दगड कधी मिळतो? सुरुवात कुठल्या दगडाने करू?

बहुतेक ठिकाणी तिसऱ्या वर्षाच्या आसपास. सुरुवात मऊ दगडाने किंवा संगमरवराच्या उरलेल्या तुकड्याने करा. आपला सह्याद्रीचा काळा बेसाल्ट कठीण आहे. वेरूळचं कैलास लेणं त्याच दगडात वरून खाली खोदत आणलं आहे, आणि टाकी (दगड घडवायची छिन्नी) हातात धरल्यावर ते काम किती मोठं आहे हे मनगटाला कळतं.

मातीत आपण भर घालतो, दगडात काढून टाकतो. म्हणून आधी मातीत छोटं मॉडेल करा आणि दगडावर चारही बाजूंनी आकृती आखा. सगळ्या बाजू थोड्या थोड्या उतरवत आणा. एकच बाजू पूर्ण केली की दुसऱ्या बाजूला दगड पुरत नाही. जवळ पाथरवटांची वस्ती असेल तर सुट्टीत तिथे जाऊन बसा. टाकीला धार लावणं आणि पाणी देणं, म्हणजे तापवून पाण्यात बुडवून ती कडक करणं, तिथे जसं शिकायला मिळतं तसं वर्गात क्वचितच.

१६. मला दमा आहे किंवा त्वचेची तक्रार आहे. शाखा सोडू का?

आधी डॉक्टरांना कामाचं खरं स्वरूप सांगा: दगडाची आणि प्लास्टरची धूळ, स्टायरीनची वाफ. वालुकाश्म आणि ग्रॅनाइटच्या धुळीत सिलिका असते आणि ती निरोगी फुप्फुसांनाही कायमची इजा करते, त्यामुळे एन-९५ मास्क आणि पाणी मारत कापणं सगळ्यांनाच लागू आहे. दमा असलेल्यांनी फायबरऐवजी प्लास्टर, टेराकोटा, मेण, लाकूड, कागदाचा लगदा यांत काम करू देण्याची लेखी विनंती करावी. माझ्या ओळखीत अशा विनंत्या मान्य झाल्या आहेत. हात फुटत असतील तर कामाआधी आणि नंतर खोबरेल तेल लावा, पण तेलकट हात प्लास्टरच्या सांध्याला लावू नका.

१७. सर माझ्या कामात हात घालून चेहराच बदलतात. मग ते काम माझं कसं?

अवघड प्रश्न आहे. जुन्या पद्धतीत शिक्षक बोलण्यापेक्षा हाताने शिकवत आले आहेत, आणि अंगठ्याच्या एका दाबाने जबडा जागेवर येताना पाहणं हे खरंच मोठं शिक्षण असतं. पण सर गेल्यावर आपण फक्त ती जागा सांभाळत बसलो तर हाती काही लागत नाही. त्यांनी केलेलं नीट बघा, मोबाइलवर फोटो घ्या, मग तो भाग काढून टाका आणि स्वतः पुन्हा करा. तिथे येणारा आकार थोडा कच्चा असला तरी तुमचा असेल. "सर, शेजारच्या गोळ्यावर करून दाखवाल का?" असं विचारलेलं बहुतेक शिक्षकांना आवडतं. तरी कुणी रोजच काम पूर्ण करून देत असेल, तर गुण मिळतील पण चौथ्या वर्षी हात रिकामा राहील, हे लक्षात घ्या.

१८. सबमिशनच्या आदल्या दिवशी काम मोडलं. आता?

माती असेल तर पडलेल्या अवस्थेचा फोटो काढा, शिक्षकांना लगेच कळवा आणि आधी सांगाडा दुरुस्त करा (प्रश्न ८). तडा वरवर पाणी लावून बुजवला तर तो पुन्हा उघडतो. कडा खरवडून ओल्या मातीच्या राबडीने जोडा. प्लास्टर असेल तर तुकडे भिजवून जोडा. कोरडं प्लास्टर नव्या प्लास्टरमधलं पाणी ओढून घेतं आणि सांधा धरत नाही. प्रक्रियेचे फोटो आणि रेखाटनं नियमित ठेवली असतील तर परीक्षक त्यांची दखल घेतात, म्हणून दर आठवड्याला फोटो काढा.

१९. मला अमूर्त काम करायचंय. दोन वर्षं पोर्ट्रेट कशाला?

ही तक्रार निम्मी मला पटते. काही ठिकाणी अभ्यासक्रम फारच हुबेहूबपणात अडकलेला आहे, आणि स्वतःची रचना चौथ्या वर्षापर्यंत लांबवणं बरोबर नाही. बडोद्यात १९५० पासून शंखो चौधुरी यांनी शिल्पकला विभाग उभा केला तेव्हा साहित्यानुसार विचार करण्याला सुरुवातीपासून जागा होती. तिथे शिकलेली मराठी मुलं हे आवर्जून सांगतात.

पण पोर्ट्रेटमध्ये जे मिळतं ते अमूर्तालाही लागतं: एक पृष्ठभाग दुसऱ्यात कसा वळतो, वजन कुठे पेललं जातं, पाऊण बाजूने आकार कसा बदलतो. दोन्ही समांतर चालू ठेवा. संध्याकाळी मुठीएवढ्या रचना करा, त्याला ना परवानगी लागते ना साहित्य.

२०. अभ्यासासाठी शिल्पं कुठे बघायची?

मुंबईत जे. जे.मध्ये असाल तर शाळेबाहेर पडल्यावर लगेच. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ मध्ये सुरू झालं. १८६५ मध्ये तिथे शिल्पकला शिकवायला आलेल्या लॉकवुड किपलिंग यांची उठावशिल्पं महात्मा फुले मंडईच्या दारांवर आहेत, आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरच्या कोरीव कामात शाळेच्या विद्यार्थ्यांचा हात आहे. म्हणजे तुमच्यासारख्याच मुलांनी केलेली पानं, पक्षी आणि प्राणी रोज लाखो लोकांच्या डोक्यावर आहेत. दुर्बीण घेऊन जा.

मग गिरगाव चौपाटीवरचा र. कृ. फडके यांचा लोकमान्य टिळकांचा पुतळा, आणि गेटवेसमोरचा सदाशिव साठे यांचा अश्वारूढ शिवाजी महाराजांचा. अलिबागजवळ सासवण्याला वि. पां. करमरकर यांचं घर आता त्यांच्या शिल्पांचं संग्रहालय आहे. तिथे एक पूर्ण दिवस द्या. सिमेंटसारख्या साध्या साहित्यात त्यांनी त्वचेचा मऊपणा कसा आणला ते जवळून बघता येतं. घारापुरीच्या त्रिमूर्तीपुढे सकाळी आणि दुपारी, दोन्ही वेळी उभे राहा. प्रकाश बदलला की चेहरे बदलतात.

विद्यार्थ्याच्या हातून मोठं काम होऊ शकतं का, असं मनात येत असेल तर गणपतराव म्हात्रे यांची 'मंदिरपथगामिनी' पाहा. १८९६ च्या सुमारास, विशीतला हा मुलगा जे. जे.मध्ये शिकत असताना ती प्लास्टरमध्ये घडली.

२१. गावाकडून महापुरुषाच्या पुतळ्याची ऑर्डर आली आहे. शिकत असताना घेऊ का?

घरात ठेवायचा छोटा अर्धपुतळा असेल तर जरूर घ्या. आगाऊ रक्कम घ्या, मुदत आणि किती वेळा बदल करून देणार हे लिहून ठेवा. एकाच फोटोवरून काम करू नका, बाजूचा फोटो मिळत नसेल तर त्याच घरातल्या कुणाच्या तरी डोक्याची ठेवण बघा.

सार्वजनिक चौकातल्या पुतळ्याची गोष्ट वेगळी. महाराष्ट्रात त्यासाठी शासनाची नियमावली आहे: प्रशासनाची परवानगी लागते आणि मातीच्या प्रतिकृतीला कला संचालनालयाची मान्यता घ्यावी लागते. शिवाय मोठ्या पुतळ्याला स्थापत्य अभियंता लागतो. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा पुतळा अनावरणाला वर्ष व्हायच्या आत, ऑगस्ट २०२४ मध्ये कोसळला, तेव्हा आतल्या सांगाड्याचा, गंजलेल्या नटबोल्टांचा आणि समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याचा प्रश्न सगळ्या राज्याने चर्चिला. प्रश्न ८ मधली डुगडुग तीस फुटांवर माणसांच्या जिवावर बेतते. अशी ऑर्डर अनुभवी शिल्पकाराकडे न्या आणि त्याच्या हाताखाली काम करा. पैसे कमी मिळतील, पण वाढवलेल्या मापावर काम कसं चालतं ते कळेल.

२२. वर्ष संपलं. एवढी कामं ठेवायची कुठे?

दोन खोल्यांच्या घरात राहणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न पडतो. महाविद्यालयं सहसा पुढच्या बॅचला जागा करण्यासाठी जुनी कामं हलवतात, म्हणून निकालाची वाट बघू नका. प्रत्येक काम साध्या राखाडी पडद्यापुढे, एकाच बाजूने येणाऱ्या प्रकाशात, आठ बाजूंनी टिपा, शेजारी मोजपट्टी ठेवून एक फोटो वेगळा घ्या. राज्य कला प्रदर्शनाच्या विद्यार्थी विभागाला किंवा पुढच्या शिक्षणाच्या अर्जाला हेच फोटो लागतात.

मग निवड करा. सगळ्यांत चांगली दोन-तीन कामं आणि ज्यातून सगळ्यांत जास्त शिकलात ते एक, एवढीच ठेवा. उठावशिल्पं भिंतीवर जातात. प्लास्टर पावसाच्या ओलीपासून दूर, जमिनीला न टेकता लाकडी फळीवर ठेवा, नाहीतर खालून ओल चढून ते भुसभुशीत होतं. रबराचा साचा असेल तर तो त्याच्या प्लास्टरच्या कवचातच ठेवा, नुसता गुंडाळला तर वाकडा होतो. कवचावर नाव, वर्ष आणि किती भाग आहेत ते पक्क्या शाईने लिहा. बाकीची माती तार काढून, खडे वेचून हौदात परत टाका. पुढच्या बॅचला तयार माती मिळते.